घरचं आहे म्हणून मोजायचं नाही?

वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे एक सल्ला फार मायेने दिला जातो. घरचं साधं जेवा, पोट भरलं की थांबा, आकड्यांच्या नादी लागू नका. पुढे जोडून असंही सांगतात की कॅलरी मोजणं हे परक्यांचं खूळ आहे, आपल्या आज्यांनी कधी काही मोजलं नाही आणि तरी त्या शेवटपर्यंत सडपातळ होत्या. व्याख्यानांत, दिवाळी अंकांत, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर सगळीकडे हे ऐकू येतं. सांगणारी माणसं बहुतेक भली असतात. वजन घटवणाऱ्या पावडरी आणि 'डाएट' लिहिलेली बिस्किटं विकणाऱ्यांपासून लोकांना वाचवावं असं त्यांना मनापासून वाटतं, आणि तेवढ्यापुरता मी त्यांच्या बाजूने आहे.

पण सल्ला चुकीचा आहे. ज्याला खरोखर दहा किलो उतरवायचे आहेत, ज्याच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली आहे, त्याच्या हातातलं सगळ्यात उपयोगाचं साधन हा सल्ला काढून घेतो. वर त्याच्या मनावर अपराधाचं ओझंही टाकतो. घरचंच तर खातोय, तरी वजन हलत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे, असं त्याला वाटू लागतं.

सगळंच मोजा, असं माझं म्हणणं नाही. पोळीपासून कोथिंबिरीच्या काडीपर्यंत प्रत्येक घासाची नोंद करणारा माणूस महिन्याभरात कंटाळतो आणि मग काहीच मोजत नाही. नेमकं काय मोजायचं हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवताना ज्याचा अंदाज डोळ्यांना येत नाही ते धरावं आणि ज्याचा येतो ते सोडून द्यावं. ताटातली काकडी दिसते. भाजीत मुरलेलं तेल दिसत नाही.

आधी आजीचा मुद्दा घेऊ, कारण तोच सगळ्यात भावनेचा आहे आणि तोच सगळ्यात खोटा आहे. आजी मोजत होती. जुन्या मराठी घरात शेर, अदशेर, मापटं, चिपटं ही भांडी काही शोभेसाठी ठेवलेली नव्हती. कोठीतलं धान्य मापाने निघायचं, भाताचे तांदूळ माणशी मुठीने पडायचे, तेल बुधलीतून पळीने यायचं आणि ती पळी कितीदा बुडली याच्यावर घरातल्या कर्त्या बाईची नजर असायची. साखर शिधापत्रिकेवर माणशी ठरलेली होती. सणाचा पदार्थ सणालाच व्हायचा, कारण एरवी त्याला लागणारं तूप परवडत नव्हतं. जे कमी होतं त्याचं माप ती काटेकोर ठेवत होती. शिवाय ती पहाटे जात्यावर बसत होती, पाणी ओढून आणत होती, शेतात किंवा घरात दिवसभर उभी होती. आणि आज्या सडपातळ होत्या हे सांगताना त्यांच्यातल्या कितीतरी अर्धपोटी होत्या, बाळंतपणांनी खंगलेल्या होत्या, हे कुणी सांगत नाही. त्यांच्या हाडकुळ्या शरीराला आरोग्याचा आदर्श म्हणून पुढे करणं मला बरं वाटत नाही.

आता परिस्थिती उलटी झाली आहे. तेल पाच लिटरच्या कॅनमध्ये ओट्याखाली उभं असतं, साखर हवी तेवढी मिळते. टंचाई होती म्हणून माप होतं. टंचाई गेली, तिच्याबरोबर मापही गेलं. आजीची शिस्त पाळायची म्हणणाऱ्याने तिची पळी परत आणावी. ती कधी होतीच नाही असं सांगू नये.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू माणसं घेतात. म्हणतात, कॅलरीचे आकडेच मुळात खोटे आहेत. यात तथ्य आहे. कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅमला चार आणि स्निग्धाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी हा हिशेब अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवला. तो सरासरीचा हिशेब आहे. पुढे बदामावर झालेल्या प्रयोगात दिसलं की माणसाच्या शरीराला बदामातून त्या हिशेबापेक्षा बऱ्याच कमी कॅलरी मिळतात, कारण काही स्निग्धांश न पचताच बाहेर पडतो. आपल्याकडे तर अडचण आणखी मोठी आहे. मोबाइलमधल्या ॲपला 'एक पोळी' सांगितलं की ते एक आकडा दाखवतं. पण देशावरच्या एखाद्या घरातली घडीची पोळी आणि मुंबईतल्या घरातला पातळ फुलका यांत दुपटीचा फरक असू शकतो. 'एक वाटी आमटी' म्हणजे काय हे तर प्रत्येक घराचं निराळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची तपशीलवार कोष्टकं काढली, ती उत्तम आहेत. पण ती कच्च्या मालाची आहेत. तुमच्या कढईत काय झालं ते त्यांत असणं शक्यच नाही.

हे सगळं मान्य. पण यातून निघतं काय? ताटावर मोजणं अवघड आहे, एवढंच. मग ताटावर मोजू नये. जिथे माल घरात येतो तिथे मोजावं.

तेलाचं उदाहरण घेतो आणि जरा सविस्तर घेतो, कारण मराठी घरातल्या वजनाचा मोठा भाग इथे दडलेला आहे असं माझं मत आहे. समजा घरात चार मोठी माणसं आहेत आणि महिन्याला पाच लिटर तेल संपतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१५ ग्रॅम. म्हणजे माणशी रोजचे ३८ ग्रॅमच्या आसपास झाले आणि कॅलरी झाल्या ३४०. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरीच्या दिवसाला वरून घातलेलं तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे. आपण फक्त घरातलं तेल धरलं. तूप, लोणी, ओलं खोबरं, शेंगदाणे, बाहेरचा वडा यातलं काहीच अजून मोजलेलं नाही. आता याच घराने तेल पाचाऐवजी तीन लिटरवर आणलं, तर माणशी रोज १३० ते १४० कॅलरी कमी होतात. कुणी एक घासही कमी खाल्लेला नसतो. फोडणी तीच, भाजी तीच. कढई थोडी जाड घ्यावी लागते, भाजी झाकण ठेवून वाफेवर शिजवावी लागते, आणि तेल बाटलीतून थेट न ओतता चमच्याने घालावं लागतं.

एवढ्याशा फरकाने काय होणार, असं विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब सांगतो. अमेरिकेतले शास्त्रज्ञ केव्हिन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये शरीराच्या वजनबदलाचं गणित मांडलं. वजन जास्त असलेल्या सर्वसाधारण प्रौढाने रोजच्या खाण्यातून साधारण २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या, तर त्याचं वजन शेवटी एक किलोने उतरतं. त्यातला निम्मा भाग पहिल्या वर्षात आणि उरलेला बहुतेक सगळा तीन वर्षांत. या हिशेबाने केवळ तेलाच्या दोन लिटरमध्ये माणशी पाच किलोंच्या वर वजन आहे. ते हळूहळू उतरेल, पहिल्या वर्षी त्यातलं निम्मंच दिसेल. पण टिकण्याची शक्यता त्यातच जास्त आहे, कारण कुणाला उपाशी राहावं लागलेलं नाही.

पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मध्ये घरातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं. आवाहन चांगलंच होतं. पण शंभर टक्के म्हणजे किती हे ज्या घराला माहीत नाही, ते घर दहा टक्के कशातून कमी करणार? हा साधा प्रश्न मोजू नका म्हणणाऱ्यांनी कधी विचारात घेतलेला मला दिसला नाही. कॅन उघडला त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिहायची, संपला त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करायची. एवढ्यात तेलाची मोजणी झाली. याला ॲप लागत नाही, वजनकाटा लागत नाही.

तेलाचा धाकटा भाऊ शेंगदाण्याचा कूट. घट्ट भरलेला मोठा चमचा म्हणजे दहा ग्रॅम, म्हणजे सुमारे ५७ कॅलरी. भरल्या वांग्यात, दोडक्याच्या भाजीत, कोशिंबिरीत तो पौष्टिक म्हणून हात सैल सोडून पडतो. पौष्टिक तो आहेच, दाण्यात पंचवीस टक्के प्रथिनं आहेत. पण जवळजवळ अर्धं वजन तेलाचं आहे. उपवासाच्या दिवशी तर खिचडीच्या एका बशीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट आणि एक मोठा चमचा तूप धरलं तरी पावणेपाचशे कॅलरी होतात. साबुदाण्यात पिठूळ भागाखेरीज फारसं काही नसतं. जी काही पाच-सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात ती दाण्यांची. चतुर्थीला वजन कमी होईल या आशेने उपास करणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

साखरेचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त बेरीज कुणी करत नाही. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चारदा घेतला की ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी झाल्या. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्यतो पाच टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम ठेवायला सांगते. साखरेऐवजी गूळ घातला तरी हा हिशेब जवळजवळ तोच राहतो. मोजायचं ते असं: महिन्याला घरात किती किलो साखर येते आणि तिला किती माणसांनी भागायचं.

आता तिसरा आक्षेप. शरीराला सगळं कळतं, त्याचं ऐका. ऐकायला सुंदर वाटतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी अशा माणसांचा अभ्यास केला, ज्यांची तक्रार होती की आम्ही दिवसाला बाराशे कॅलरीसुद्धा खात नाही, तरी वजन उतरत नाही. त्यांना वाटत होतं की आपल्या शरीराची भट्टीच मंद आहे. तपासणीत भट्टी व्यवस्थित निघाली. खास खुणेचं पाणी प्यायला देऊन शरीराने खरोखर किती ऊर्जा खर्च केली ते मोजता येतं. त्या पद्धतीने पाहिलं तेव्हा ही माणसं सरासरीने आपलं खाणं निम्म्याच्या जवळपास कमी सांगत होती आणि आपली हालचाल निम्म्याने वाढवून सांगत होती. ती खोटारडी नव्हती. त्यांना तसंच आठवत होतं. चहाबरोबरचा चिवडा, मुलाच्या ताटातला उरलेला घास, स्वयंपाक करताना चव म्हणून घेतलेला तुकडा हे आठवणीत राहतच नाही. भुकेच्या आणि तृप्तीच्या संवेदना खऱ्या असतात, पण त्या हिशेबनीस नसतात. बरीच वर्षं जास्त खाल्लेल्या माणसाचं शरीर तेवढंच मागतं. त्याचं ऐकत राहिलं तर वजन आहे तिथेच राहणार.

माझ्या विरोधकांकडे एक भक्कम पुरावा आहे आणि तो मी लपवणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले ख्रिस्तोफर गार्डनर आणि सहकारी यांनी ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग केला. निम्म्यांना स्निग्ध पदार्थ कमी, निम्म्यांना कर्बोदकं कमी. कुणालाही कॅलरी मोजायला सांगितलं नव्हतं. दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच ते सहा किलोंनी उतरलं. पाहा, न मोजता उतरलं, असं या प्रयोगाचं नाव घेऊन सांगितलं जातं. प्रयोगात काय केलं ते मात्र सांगितलं जात नाही. त्या माणसांना पहिल्या आठ आठवड्यांत एका गटाने स्निग्ध आणि दुसऱ्याने कर्बोदकं दिवसाला २० ग्रॅमपर्यंत खाली आणावीत असं उद्दिष्ट दिलं होतं. म्हणजे कॅलरी मोजल्या नाहीत, पण ग्रॅम मोजले. वर्षभरात आहारतज्ज्ञांसोबत त्यांच्या बावीस बैठका झाल्या. त्यांनी साखर आणि मैदा कमी केला, भाज्या वाढवल्या. एकच गोष्ट धरली, ती नीट मोजली आणि बाकीची सोडून दिली. माझं म्हणणं तरी वेगळं कुठे आहे?

महाराष्ट्रात याच वादात आणखी एक मत जोरात आहे: काय खाता, किती खाता हे महत्त्वाचं नाही, किती वेळा खाता ते मोजा. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेली दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत अनेकांना मानवली आहे. तिने मराठी माणसाला आपल्या खाण्याकडे लक्ष द्यायला लावलं, हे तिचं मोठं काम आहे. ती सुरू करण्याआधी वजन आणि पोटाचा घेर नोंदवायला, उपाशीपोटी इन्सुलिन आणि तीन महिन्यांची साखर तपासायला सांगतात, हे तर मला फारच पटतं. म्हणजे या पद्धतीतही मोजणं आहेच. पण वेळा मोजल्या की प्रमाण आपोआप सांभाळलं जातं, हा निष्कर्ष मला मान्य नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथे लठ्ठपणा असलेल्या १३९ माणसांवर वर्षभर चाललेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात खायचं, दुसऱ्याने केव्हाही. कॅलरींची मर्यादा दोन्ही गटांना सारखीच. वर्षाअखेरीस एका गटाचं वजन आठ किलोंनी आणि दुसऱ्याचं सव्वासहा किलोंच्या आसपास उतरलं, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. काम मुख्यतः प्रमाणाने केलं होतं. दोन वेळा जेवल्याने काहींचं प्रमाण सहज कमी होतं, ते भाग्यवान. दुपारच्या एकाच ताटात दिवसभराची भूक वसूल करणाऱ्याला वेळांची मोजणी वाचवू शकत नाही.

इथवर फक्त कमी करायच्या गोष्टी झाल्या. मोजण्याचा माझ्या मते मोठा उपयोग दुसरीकडे आहे. काय वाढवायचं, हेही मोजल्याशिवाय कळत नाही. वजन कमी करायचं म्हटलं की मराठी माणूस पहिल्यांदा दोन पोळ्या कमी करतो आणि वरण तेवढंच ठेवतो, कारण वरणात प्रथिनं आहेत अशी आपली ठाम समजूत आहे. आहेत, पण किती? तुरीच्या डाळीत शंभराला बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, पण ती कोरड्या डाळीत. घरच्या पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ वीस ग्रॅमच्या वर क्वचित पडते. म्हणजे वाटीभर वरणातून साडेचार ग्रॅम. दोन वेळा भाताबरोबर वरण घेतलं तरी नऊ. एका पोळीतून तीन ग्रॅम मिळतात, दोन पोळ्या काढल्या की सहा गेले. सकाळचे पोहे, दोन वेळची पोळी-भाजी, वरण-भात, चहातलं दूध असं शाकाहारी दिवसाचं सगळं धरून बेरीज साधारण चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमवर येते. पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या माणसाला किमान ५४ ग्रॅम लागतात, आणि सगळी प्रथिनं धान्यातूनच येत असतील तर किलोमागे एक ग्रॅमच्या जवळ. वजन उतरत असताना गरज आणखी थोडी वाढते, कारण प्रथिनं कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करतं.

असं उतरलेलं वजन परत येतं, आणि येताना मुख्यतः चरबी होऊन येतं. न मोजता पोळी कमी करणारा माणूस काट्यावर आनंदी आणि जिन्यावर दमलेला असतो. उपाय महागडी पावडर नाही. ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ नऊ ग्रॅम देते, एक अंडं सहा, शंभर ग्रॅम बांगडा एकोणीसच्या आसपास, वाटीभर घट्ट दही चार-पाच. वरण पातळ न करता घट्ट करा, उसळ रोजची करा. पण कितीची गरज आहे आणि किती पडतं आहे, ही बेरीज आठवड्यातून एकदा तरी कागदावर करावीच लागते.

आणि शरीराचं काय मोजायचं? वजनकाट्यावर रोज उभं राहून रोज दुःखी होण्यात अर्थ नाही. पाणी, मीठ, आदल्या रात्रीचा भात, बायकांच्या बाबतीत पाळीचे दिवस यांनी वजन एक-दोन किलो सहज खालीवर होतं. आठवड्याची सरासरी पाहावी. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुण्याने जगाला दाखवली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधले जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. वजनाच्या हिशेबाने दोघेही सडपातळ. प्रत्यक्षात युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. २००४ मध्ये दोघांच्या छायाचित्रासह हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आपला माणूस बारीक दिसतो, पण त्याची चरबी पोटात आणि यकृताभोवती साठते, आणि मधुमेह तिथूनच येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले. त्या पाहणीत पोटाचा लठ्ठपणा जवळजवळ चाळीस टक्के प्रौढांमध्ये होता, तर एकूण वजनाने लठ्ठ ठरणारे त्याहून बरेच कमी. मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठे निघालं, तर गोव्यात. माझं वजन तर बरोबर आहे, मग मला कशाला मोजायचं, असं म्हणणाऱ्याने शिंप्याची टेप घ्यावी. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० च्या आत हवा. महिन्यातून एकदा, सकाळी, श्वास सोडल्यावर, न आवळता. मला एकच आकडा निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

मनगटावरच्या घड्याळाने किती कॅलरी जाळल्या हे सांगितलं की त्या खायला मोकळीक मिळाली असं समजू नये. २०१७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये अशी सात उपकरणं तपासली. त्यांतल्या सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही ऊर्जेच्या आकड्यातली चूक सत्तावीस टक्के निघाली. पावलं मोजायला घड्याळ ठीक आहे.

मोजण्याचं वेड लागतं, हा आक्षेप मात्र मी पूर्ण गांभीर्याने घेतो. काही माणसांच्या बाबतीत, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत, आकडे घातक ठरतात. ज्यांना खाण्याचा आजार झाला आहे किंवा होऊन गेला आहे, ज्या प्रत्येक घासानंतर स्वतःला शिक्षा करतात, त्यांच्या हातात वजनकाटा आणि ॲप देऊ नये. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं आणि घरच्यांनी त्यांना नेऊन सोडावं. गरोदर बाईनेही वजन उतरवण्यासाठी मोजू नये. पण काहींना औषध चालत नाही म्हणून ते सगळ्यांसाठी बंद करत नाहीत. आणि मी जे सुचवतो आहे त्यात वेड लागायला जागाही थोडीच आहे. कॅनवरची तारीख, साखरेचे किलो, आठवड्याची प्रथिनांची बेरीज, महिन्याची टेप. लिहून ठेवल्याने फरक पडतो हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे सतराशे माणसांच्या अभ्यासात खाण्याची रोज नोंद ठेवणाऱ्यांचं वजन न ठेवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट उतरलं.

मोजू नका या सल्ल्याची किंमत घरात सगळ्यात जास्त कोण देतं, याचाही विचार व्हावा. जी स्वयंपाक करते ती. ती सगळ्यांत शेवटी जेवते. तोवर उसळ संपलेली असते, वरणात पाणी घालून ते पुरवलेलं असतं, तिच्या ताटात भात आणि भाजीच्या तळाचं तेल उरतं. मुलाने टाकलेला पराठा, सासऱ्यांनी ठेवलेला शिरा, वाया जाऊ नये म्हणून तीच संपवते, आणि त्याला जेवण म्हणून कुणी धरत नाही, तीसुद्धा नाही. चाळिशीत तिचं वजन वाढतं तेव्हा डॉक्टर म्हणतात चाला, नातेवाईक म्हणतात भात सोडा, आणि व्याख्यानात तिला सांगतात, घरचं खा, मोजू नका. ती तर घरचंच खाते आहे. तिला प्रथिनं कमी पडताहेत आणि तेल जास्त जातंय, हे तिच्या तोंडावर सांगू शकेल अशी एकच गोष्ट घरात आहे: एका आठवड्याची खरीखुरी नोंद, जिच्यात उरलंसुरलंही लिहिलेलं आहे. ती नोंद तिच्या एकटीवर टाकू नका. तेलाच्या कॅनवर तारीख नवऱ्याने लिहावी, उसळीची वाटी तिच्यासाठी आधी बाजूला काढून ठेवायचं काम मुलांनी करावं, आणि उरलेला पराठा ज्याने टाकला त्याच्याच डब्यात दुसऱ्या दिवशी जावा.